मोजण्याआधी इलेक्ट्रॉन कुठे असतो?

आमच्या वन्संना राग येतो असं म्हणणं बरोबर नाही. राग त्यांच्याकडे राहायलाच आहे, अधूनमधून जरा बाहेर जाऊन येतो एवढंच. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, आणि वर त्यांच्याच कॉलेजात, त्यांच्याच विभागात भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे नणंद सकाळी स्वयंपाकघरात आणि दुपारी स्टाफरूममध्ये. मैत्रिणी विचारतात, असं कोणतं पाप केलं होतंस गं? मी सांगते, पाप नाही, लग्न.

पण आज मी नणंदेची गाऱ्हाणी सांगायला बसलेले नाही. यंदा जे झालं त्याने माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि घरात कोणाशी बोलून ती उतरत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी वन्सं कशा आहेत ते सांगते. माझा नवरा कपाट उघडतो, वरवर नजर फिरवतो आणि ओरडतो, "कात्री इथे नाहीये!" आतल्या खोलीतून लगेच आवाज येतो, "नाहीये, की तुला दिसत नाहीये?"

"ताई, तेच ते."

"तेच ते कसं? एक कपाटाबद्दल झालं, दुसरं तुझ्या डोळ्यांबद्दल."

कात्री बहुतेक वेळा तिथेच असते, टॉवेलांच्या खाली. एखाद्या वेळी खरंच नसते, तेव्हा नवऱ्याला कोण आनंद होतो! वन्सं शांतपणे म्हणतात, "आता म्हण नाहीये. आता तू शोधलंस." या माणसाला लहानपणापासून हेच ऐकत मोठं व्हावं लागलं, आणि तरी तो माझ्याशी भांडताना 'तेच ते' म्हणतो. तर ते असो.

या एका फरकापायी, म्हणजे 'नाही' आणि 'ठाऊक नाही' यांतल्या फरकापायी, वन्संनी आयुष्य घालवलं. वर्गात कोणी उत्तर दिलं की त्या मान तिरकी करून म्हणतात, "खरंच?" म्हणून मुलांनी त्यांचं नाव खरंच-मॅडम ठेवलंय. क्वांटमचा विषय त्या दरवर्षी एकाच प्रयोगाने सुरू करतात. मी तो इतक्यांदा ऐकलाय की भाजी निवडताना सांगू शकेन. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडायचे. समोर पत्रा, त्याला दोन बारीक फटी, पलीकडे पडदा. पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका उठतो, नेमका एका जागी. पण ठिपके साठत गेले की त्यांचे पट्टे दिसायला लागतात, तळ्यातल्या दोन लाटा एकमेकींत मिसळल्यावर दिसतात तसे. एक फट बंद केली की पट्टे गायब. आता एकट्यादुकट्या इलेक्ट्रॉनला दुसरी फट उघडी आहे की बंद, हे कळतं कसं? आणि तो कोणत्या फटीतून जातोय हे टिपणारं यंत्र लावलं, तरी पट्टे गायबच.

"गणित काय सांगतं?" वन्सं विचारतात. "ठिपका कुठे उठण्याची शक्यता किती, एवढं सांगतं. आणि ते आजवर तोंडघशी पडलेलं नाही. पण तो सुटल्यापासून ठिपका उठेपर्यंत तिथे काय चाललेलं असतं, ते गणित सांगत नाही. ते आपण सांगतो. आणि आपल्यात एकमत नाही."

मग त्या ती वेगवेगळी उत्तरं मांडतात. एक म्हणतं, इलेक्ट्रॉन सतत कुठेतरी असतोच, एक लाट त्याला वाट दाखवते. पण मग इथे केलेल्या गोष्टीचा परिणाम दूर तिथे तत्क्षणी होतो, हे पचवावं लागतं. दुसरं म्हणतं, जे जे होऊ शकतं ते सगळंच होतं, फक्त वेगवेगळ्या जगांत. मग असंख्य जगं मानावी लागतात. तिसरं म्हणतं, ती लाट अधूनमधून आपण होऊन एका जागी गोळा होते. मग आपलं लाडकं समीकरणच थोडं बदलावं लागतं. प्रत्येक उत्तराची काही ना काही किंमत आहे, असं सांगून त्या थांबतात. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, "मॅडम, सगळ्यात स्वस्त कोणतं?"

"गप्प बसणं," वन्सं म्हणाल्या. "तेच जास्त खपतं."

हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. तरुणपणी त्या संशोधन करायला गेल्या तेव्हा त्यांना याच प्रश्नावर काम करायचं होतं. त्यांच्या बरोबरीने तिथे लागलेला एक मुलगा होता. संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात बसून दोघं तासन्‌तास वाद घालायचे, रखवालदार दिवे मालवायला येईपर्यंत. मुळात हा प्रश्न त्या मुलानेच वन्संच्या डोक्यात घातला होता. पण दोघं मिळून मार्गदर्शकांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "हे तत्त्वज्ञान झालं. गणित करा, निकाल काढा. असले प्रश्न विचारणाऱ्याला कोणी नोकरी देत नाही." वन्संनी शब्दाला शब्द वाढवला. तो मुलगा मूग गिळून बसला. वन्संचा प्रबंध अर्ध्यावर राहिला, त्याचा पुरा झाला. पुढे तोच मुलगा आमचा विभागप्रमुख होऊन आला. मुलं त्याला गुळगुळीत सर म्हणतात. कोणत्याही बाजूने हात लावा, कुठे अडकायला होत नाही.

वन्संनी त्याला याबद्दल कधी काही विचारलं नाही. "त्याला पोट होतं, मलाही होतं. मी जास्त भांडखोर, एवढंच," असं त्या म्हणायच्या. मला मात्र तो माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि मी ते लपवलंही नाही.

यंदाच्या परीक्षेचा पेपर त्यानेच काढला. त्यात प्रश्न होता : मोजण्याआधी इलेक्ट्रॉन कुठे असतो? आणि सोबत तपासणाऱ्यांसाठी मॉडेल आन्सर दिलं होतं : 'इलेक्ट्रॉन एकाच वेळी सगळीकडे असतो. मोजल्यावरच त्याला जागा मिळते. उदाहरणार्थ, फिरणाऱ्या पंख्याचं पातं.'

हे बाजारात मिळणाऱ्या गाइडमधून जसंच्या तसं उचललेलं होतं. आमच्याकडे पद्धत अशी, की पेपर काढणाऱ्याने दिलेलं मॉडेल आन्सर तपासणाऱ्यांवर बंधनकारक. त्यात असेल त्याला गुण, नसेल त्याला नाही. तपासलेल्या गठ्ठ्यांवर नंतर एक अनुभवी शिक्षक नजर टाकतो आणि सही करतो. यंदा ते काम वन्संकडे होतं.

तपासणी वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत चालते. खिडक्यांचे पडदे कधी काळी हिरवे असावेत. टेबलांवर गठ्ठे, लाल पेनं, गार झालेला चहा. माझ्या शेजारी, मुलांच्या भाषेत, पटपट सर बसले होते. ते उत्तरं वाचत नाहीत, नुसती हुंगतात. त्यांनी तपासलेला गठ्ठा वन्संसमोर गेला आणि थोड्या वेळाने वन्संच्या टेबलावरून आवाज आला, "पंख्याचं पातं सगळीकडे असतं?"

पटपट सरांनी पुढचा गठ्ठा जवळ ओढला.

"अहो, पंख्याचं पातं प्रत्येक क्षणाला कुठेतरी असतं! आपल्या डोळ्यांना ते पकडता येत नाही एवढंच. हे उदाहरण तर बरोबर उलटं आहे. मॉडेल आन्सरच्या पहिल्या वाक्याला तिसरं वाक्य खोटं पाडतंय, आणि या सगळ्या पोरांनी ते घोकून लिहिलंय, आणि तुम्ही सगळ्यांना पूर्ण गुण दिलेत!"

"मॉडेल आन्सरमध्ये आहे, मॅडम," पटपट सर म्हणाले.

"आणि हिला शून्य?"

मी उठून गेले. एका मुलीच्या उत्तरपत्रिकेवर मोठं लाल शून्य होतं. अक्षर उजवीकडे झुकलेलं, घाईचं, वेलांट्या लांबलचक. लिहिलं होतं ते असं : 'समीकरण फक्त मोजल्यावर काय मिळेल याची शक्यता सांगतं. मोजण्याआधी इलेक्ट्रॉन कुठेतरी होता का, हे ते सांगत नाही. तो कुठेतरी होता असं मानूनही सगळे निकाल जुळवता येतात, आणि नव्हता असं मानूनही येतात. म्हणून तो सगळीकडे असतो असं मी लिहू शकत नाही. मला माहीत नाही, आणि मला वाटतं अजून कोणालाच नक्की माहीत नाही.' पटपट सरांनी 'मला माहीत नाही' भोवती गोल काढला होता. बाकीचा पेपर ठीकठाक होता, गणितात दोन ठिकाणी घसरलेला. या प्रश्नाचे गुण मिळाले तर पास, नाही तर नापास, असा तो काठावर होता.

वन्संनी शून्य खोडून पूर्ण गुण दिले. पटपट सर लगबगीने खाली गेले आणि गुळगुळीत सरांना घेऊन आले. तो हसतच आला. तो रडतानाही हसतच असेल.

"मॅडम, उत्तर सुरेखच आहे हो," तो म्हणाला. "पण आपण शिकवलेलं विचारतो, विचार विचारत नाही."

"मी हेच शिकवलं."

"मग तर आणखीच अवघड. उद्या पालक येऊन म्हणतील, मॅडम मुलांना 'माहीत नाही' असं शिकवतात. जरा बाहेर येता का?"

मीही मागोमाग गेले, कारण वन्संनी टेबलावरचा पेपरवेट हातात तसाच नेला होता. पाण्याच्या टाकीपाशी तो थांबला. तिथे कोणी नव्हतं, तसा त्याचा आवाज बदलला आणि 'मॅडम' गळून पडलं. "अगं, कशाला डोक्याला त्रास करून घेतेस?"

"एकच विचारते," वन्सं म्हणाल्या. "तुला काय वाटतं? कुठे असतो तो?"

त्याने टाकीचा टपकणारा नळ घट्ट बंद केला. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी गोड बोलून सुटेल. पण तो म्हणाला, "खरं सांगू? मला माहीत नाही. जिन्यात बसायचो तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही."

"हेच लिहिलंय तिने!"

"तिने पेपरात लिहिलंय. मी इथे बोलतोय."

माझ्या कानशिलात जाळ झाला. इतका वेळ मी वन्संची भावजय म्हणून मध्ये पडले नव्हते, पण मग माझंही तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एकीला गुण दिले तर उद्या सगळे 'माहीत नाही' लिहितील आणि गुण मागतील."

"'माहीत नाही' म्हणणाऱ्याला देऊ नकोस," वन्सं म्हणाल्या. "का माहीत नाही, हे ज्याला सांगता येतं त्याला दे. तू पंख्याला गुण देतोस आणि हिला शून्य. मोजण्याआधी त्याला जागा नसतेच, हे तू कुठे पाहिलंस? पाहिल्याशिवाय बोलायचं नाही म्हणणारे तुम्हीच, आणि जिथे कोणी बघत नाही तिथे काय नाही हे ठासून सांगणारेही तुम्हीच!"

"तुला अजूनही वाटतं तिथे काहीतरी असतं?"

"वाटतं. जग काय आपल्या मोजण्यासाठी खोळंबून बसलंय? पण माझं वाटणं मी पेपरात मॉडेल आन्सर म्हणून छापत नाही."

तो आत गेला. मॉडेल आन्सर कायम आहे असं त्याने खोलीत सगळ्यांना सांगितलं, वन्संचे गुण खोडले आणि पुन्हा शून्य लिहून खाली स्वतःची सही केली. वन्संनी त्या गठ्ठ्यावर सही करायला नकार दिला. त्याने काही अडलं नाही, विभागप्रमुखाची सही पुरली. गठ्ठा दोरी बांधून खाली गेला.

त्या रात्री जेवताना वन्संनी ताट अर्धवट सारलं. नवऱ्याने विचारलं, "ताई, एका प्रश्नासाठी एवढं?"

"त्या मुलीला वाटेल की ती मठ्ठ आहे," वन्सं म्हणाल्या. "किती वर्षांनी कोणीतरी न घाबरता हे लिहिलं. तिने आता विचारणंच सोडलं तर?"

"नाही सोडणार. तुम्ही कुठे सोडलंत?" मी म्हटलं.

"मला सोडताच आलं नाही गं. तिला येईल."

निकाल लागल्यावर ती मुलगी स्टाफरूममध्ये आली. वन्संच्या वर्गात भिंतीकडेच्या बाकावर बसणारी, बोटं कायम शाईने माखलेली. बरोबर वडील होते, रंगकाम करणारे. कामावरून तसेच आले होते, केसांत पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. ते खुर्चीवर बसले नाहीत, खुर्ची खराब होईल म्हणून. मी कागद पसरला तरीही बसले नाहीत.

"मॅडम, ही म्हणते मला येत होतं," ते म्हणाले. "येत होतं तर नापास कशी झाली?"

उत्तरपत्रिकेबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे. वन्संनी तो तिथेच मोडला. "तिने बरोबर लिहिलं होतं."

"मग नापास का?"

"कारण आम्ही चुकलो."

वडिलांनी वन्संकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बंद असलेल्या विभागप्रमुखाच्या दाराकडे. "तुम्ही चुकलात," ते म्हणाले, "आणि वर्ष हिचं?"

मी तक्रार अर्जाबद्दल सांगितलं. तो अर्ज कोणाकडे जातो, असं त्यांनी विचारलं. विभागप्रमुखांकडे, असं मला सांगावं लागलं. ते हसले, आणि ते हसणं मला शिवीपेक्षा लागलं. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पुरवणी परीक्षा आहे ना? पुढच्या वेळी त्यांना जे पाहिजे ते लिही. तुला काय वाटतं ते घरी आल्यावर मला सांग."

मुलगी वन्संकडे बघत राहिली. तिला वन्संच्या तोंडून ऐकायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. 'लिहू नकोस' असं वन्सं म्हणाल्या असत्या तर तिने लिहिलं नसतं. पण मग तिचं वर्ष पुन्हा गेलं असतं, आणि ते वन्संच्या बापाचं नव्हतं. उभ्या जगाला ऐकवणाऱ्या आमच्या वन्सं खाली मान घालून टेबलावरचा खडू मोडत बसल्या. बाप आणि लेक निघून गेले. मी दार इतक्या जोरात लावलं की वरची काच हलली.

पुरवणी परीक्षेत तोच प्रश्न पुन्हा आला. गुळगुळीत सराने नवीन प्रश्न काढायचेही कष्ट घेतले नाहीत. या वेळी गठ्ठा लहान होता आणि तपासायला वन्संच होत्या. तुम्ही तपासू नका, मी तपासते, असं मी त्यांना म्हटलं होतं. त्या ऐकणाऱ्या नव्हत्या.

संध्याकाळी मी पर्स घ्यायला वर गेले तेव्हा त्या एकट्याच बसलेल्या. समोर एक उत्तरपत्रिका उघडी होती. झुकलेलं अक्षर, लांब वेलांट्या. 'इलेक्ट्रॉन एकाच वेळी सगळीकडे असतो. मोजल्यावरच त्याला जागा मिळते.' खाली पंख्याची आकृतीही काढली होती, पट्टीने, स्वच्छ. कुठे खाडाखोड नाही.

"पूर्ण गुण," वन्सं म्हणाल्या. "द्यावेच लागतात. मॉडेल आन्सर आहे."

"चला घरी," मी म्हटलं.

"गणितातही या वेळी चूक नाही तिची. हुशारच आहे मुलगी."

आठवडाभराने ती विभागात आली, या वेळी एकटी. पास झाली होती. हातात विषय बदलण्याचा अर्ज होता. त्यावर शिकवणाऱ्यांपैकी एकाची सही लागते. बोटं स्वच्छ धुतलेली. वन्संनी अर्ज वाचला आणि विचारलं, "काय घेतेस आता?"

"अजून ठरवलं नाही, मॅडम. असं काहीतरी घेईन, ज्यात काय लिहायचं ते आधी सांगतात."

ती उपरोधाने बोलत नव्हती. मी तिचा चेहरा नीट पाहिला. दुकानात जाऊन हवी ती वही मागावी, इतक्या साधेपणाने ती बोलली. मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याहून जास्त पलीकडच्या बंद दाराला लाथ घालावीशी वाटली.

वन्संनी पेन उघडलं. "इथेच करायची ना सही?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम. खाली, उजव्या बाजूला."

त्यांनी सही केली. मुलगी "थँक्यू मॅडम" म्हणून गेली, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.